स्वतःच्या घरातला रूम पार्टनर

मिलिंद, दादानं कुलूप आणलं. पितळी, जाडजूड, तीन किल्ल्यांचं. तुझ्या घरासाठी. तुला जाऊन अजून महिना नाही झाला, तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात अंथरायला आणलेल्या सतरंज्या अजून माझ्या व्हरांड्यात पडल्या आहेत, आणि आपला थोरला भाऊ कुलपाचं खोकं माझ्यापुढे ठेवून म्हणतो, "रविवारी सेवाग्राम रोडले जाऊन येऊ. गजाननले सांगून देऊ, महिनाभरात सामान हलव म्हणा. मंग हे लावून टाकू."

"त्यानं काऊन सामान हलवाचं?" मी विचारलं.

"काऊन म्हंजे? रूम पार्टनरच होता ना तो? तूच तर म्हटलं, साऱ्या लोकायसमोर. माइकवर."

शब्द माझाच होता.

रूम पार्टनर. किती सोयीचा शब्द सापडला होता आपल्या घराला! तू समुद्रपूरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागलास, वर्ध्याहून रोज अप-डाउन करायचास, आणि त्या एस. टी.वर गजानन कंडक्टर होता. सिंदी रेल्वेच्या भाजीवाल्या घरचा, हडकुळा, सदा हसरा. पहिल्यांदा त्याला माझ्याकडे आणलंस तेव्हा तो दारातच चपला काढून उभा राहिला. हे कोण, असं मी विचारलं आणि तू तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देऊन टाकलं, "रूम पार्टनर काय रे तुहा?" तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "हाव बाई. तसंच समज."

मी तसंच समजले. तेव्हा तुम्ही भाड्याच्या खोलीत होता, शब्द खपून गेला. पुढे तू प्लॉट घेतलास, घर बांधलंस, गजाननने अंगणात पेरू लावला, मागे वांगी, कढीपत्ता, आणि तुझ्या पुस्तकांसाठी भिंतभर फळ्या ठोकल्या. तरी आम्ही आपले म्हणतोय, रूम पार्टनर. अरे, स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला कुठे रूम पार्टनर असतो का? मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत आले, पोरांच्या पेपरात काना-मात्रा चुकला तरी लाल पेन फिरवणारी बाई. ही एवढी ढळढळीत चूक मला दिसली नाही. दिसली नाही कसली, मी पाहिलीच नाही. पाहिली असती तर बरोबर शब्द लिहावा लागला असता.

आणि मी तुला म्हणायची तरी काय, की मी समजूतदार! दादासारखी नाही. दादा तुमच्याकडे पाणीही प्यायचा नाही, मी तर जेवून यायची. गजाननच्या हातची वांग्याची भाजी खायची आणि त्याला विचारायची, "गजाननभाऊ, फोडणीले काय टाकलं?" दर भीमजयंतीला माझ्यासाठी पांढरी साडी यायची, निळ्या काठाची, आणि काठ इतके नेमके निवडलेले की शाळेतल्या बायका विचारायच्या, कोणी आणली? मी सांगायची, भावानं. तू एकदा म्हणालाससुद्धा, "बाई, मले निळा नि जांभळा ओळखू येत नाई. साडी थो निवडते." तरी मी पुढच्या वर्षी सांगितलं, भावानं. भावजय निवडते तेव्हा आपण कौतुकाने सांगतो ना, आमच्या वहिनीची पसंती चांगली आहे. तेवढंही मी त्याच्या नावावर कधी पडू दिलं नाही.

गोरसपाकाचा डबा आठवतो? सुप्रीम कोर्टाने ते जुनं कलम तुमच्या डोक्यावरून काढलं त्या दिवशी तू डबा घेऊन आला होतास. दार ढकललंस आणि म्हणालास, "खा बाई. आजपासून तुहा भाऊ गुन्हेगार नाई." मी खाल्ला. डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या, कशाचं गोड म्हणून. आणि मी फटकन म्हटलं, "मिलिंदले प्रमोशन भेटलं." तू हसता हसता खाली बसलास. काकू गेल्यावर म्हणालास, "ग्रंथपालाले कायचं प्रमोशन व बाई? मोठं कपाट देते काय?" मीही हसले. कित्येक दिवस आपण ते आठवून हसत होतो. आता तुझ्याशिवाय एकटीनं आठवलं तर नुसती लाज वाटते. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी होती ती, आणि मी तिला दाराबाहेर जाऊ दिलं नाही.

मग लग्नाचा खटला आला. तू किती आशेवर होतास! सुनावणी चालू असताना ग्रंथालयात मोबाइलवर ऐकत बसायचास, कानात ती वायर खुपसून, आणि पोरं पुस्तक मागायला आली की हाताने थांबा म्हणायचास. निकाल लागला तसा तुझा फोन आला. "बाई, नाई म्हटलं."

मी काय केलं असेल? मी तुला शिकवायला बसले. पाच न्यायाधीशांचं घटनापीठ होतं, लग्न करणं हा मूलभूत हक्क म्हणून कोर्टाला देता येत नाही असं त्यांनी म्हटलं, कायदा करणं संसदेचं काम, सरकार समिती नेमून रोजच्या अडचणी बघणार आहे, शिवाय फेरविचार याचिका असतेच. अख्खा धडा घेतला फोनवर. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "पाच जणायचं समजलं. तुहा निकाल काय?"

"माह्या निकालानं काय होते रे?"

"माहं होते ना."

मी म्हटलं, मिलिंद, एक सांगू का, समाज अजून तयार नाही.

मग एकदम हळू म्हणालास, "बाई, हेच वाक्य आपल्या आबायले कोणीतरी म्हटलं असन. विहिरीवर."

आपले आबा, ज्यांना गावच्या विहिरीचं पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं, ज्यांनी छप्पन साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेतली. आपल्या घरात देव्हारा नाही. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि शेजारी काचेत लावलेली संविधानाची प्रास्ताविका. बाबा सकाळी कामावर जाताना तिच्याकडे एकदा पाहून जायचे. दर संविधान दिनाला चौकात ती माइकवरून मी वाचते, का तर बाईंचा आवाज खणखणीत आहे. समता, बंधुता, व्यक्तीची प्रतिष्ठा, असा एकेक शब्द सुटा करून वाचते, मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे म्हणून. आणि त्याच तोंडाने मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं की समाज तयार नाही. कोण समाज रे? त्या दिवशी फोनवर तर आपण दोघंच होतो.

त्यानंतर तू ते चिडवणं सुरू केलंस. मी काही ठरवायला वेळ लावला, अगदी भाजी कोणती करू इथपासून, की म्हणायचास, "बाईनं निकाल राखून ठेवला." गजानन गालात हसायचा. मी लाडाने तुझ्या पाठीत धपाटा घालायची. चिडवणं होतं का ते? मला आता वाटतं, तू दरवेळी विचारत होतास.

फेरविचार याचिकाही फेटाळली गेली, आणि त्याच सुमारास आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. मी तुझ्यामागे लागले होते, मृत्युपत्र कर. वकील गाठ, घर गजाननच्या नावावर लिहून मोकळा हो. उद्या काही झालं तर कायदा त्याला ओळखत नाही, वारस म्हणून मी आणि दादा उभे राहू. माझा सल्ला बरोबरच होता, आजही म्हणेन. पण तू असा भडकलास! "तुले भाऊजीनं मृत्युपत्र केलतं काय? भाऊजी गेले, घर तुहं झालं, पेन्शन तुले लागली. आपसूक! कोणी विचारलं काय, तू कोण लागते म्हणून? मृत्युपत्र लोकं बाहेरच्या माणसासाठी करतेत बाई. घरच्या माणसाले ते मांगा लागत नाई."

"बह्याडासारखा बोलू नको. हट्टापायी त्याले रस्त्यावर आणशीन."

"मंग तू कायले आहे?" तू म्हणालास.

मिलिंद, त्या एका वाक्यावर तू विसंबून राहिलास का रे? मी रागात फोन ठेवला. नंतर बोलणं झालं, जेवणं झाली, विषय कोणी काढला नाही. तुझा हट्ट चुकीचा होता, हे मी तुझ्या माघारीही सांगते, मेलेल्या माणसाचं सगळं बरोबर असतं असं थोडंच आहे. पण तुला कागद नको होता. तुला ते आपसूक हवं होतं, जे मला न मागता मिळालं आणि मी ज्याची किंमतही केली नाही.

त्या सकाळी तुझ्या छातीत कळ आली. गजानन तुला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेला. तिथे रीतीप्रमाणे विचारलं, पेशंटचे कोण? तो म्हणाला, "सोबत आहो मी." इलाज कोणी थांबवला नाही, तसं म्हणायची सोय नाही. पण मला फोन करून म्हणाला, "बाई, तुम्ही या. नातेवाईक पाह्यजे म्हणतेत." वीस वर्षं तुझ्या बीपीच्या गोळ्या तोच काढून ठेवायचा, आणि नातेवाईक मी. मी पोचले तोवर तू गेला होतास. सही मी केली. संबंध: बहीण. माझा हात जराही अडखळला नाही.

तुला न्यायला गाडी आली. तुला आत ठेवलं, दादा आणि भाचे चढले, मागचं दार लागलं. तरी गाडी हलेना, ड्रायव्हर कोणाची तरी वाट बघत होता. तेव्हा गजाननने पुढे होऊन गाडीच्या पत्र्यावर दोनदा हात मारला. टक टक. डबल बेल. आयुष्यभर गाडी सोडली त्या हातांनी, तुझीही तशीच सोडली. आणि स्वतः खालीच राहिला. लोकांना वाटलं, चला, कोणीतरी निघायला सांगितलं. मी बायकांत उभी होते, मला कळलं. मी पुढे होऊन म्हणू शकले असते, गजाननभाऊ, तुम्ही बसा आत. जागा होती रे गाडीत.

आणि मग पुण्यानुमोदनाच्या दिवशीचं जलदान. विहार भरला होता, तुझे कॉलेजचे लोक, एस. टी.चे चार-सहा जण. बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील घेतलं आणि म्हणाले, घरच्यांनी पुढे या, तांब्याला हात लावा. तो तांब्या गजाननने घासून, भरून, गाळलेलं पाणी घालून आणला होता. आणून ठेवला आणि मागे जाऊन चपलांपाशी उभा राहिला. तांब्याला दादाचा हात लागला, दादाच्या कोपराला वहिनीचा, तिच्या कोपराला माझा. पाणी वाटीत पडत होतं, वाटी भरून ताटात वाहत होतं, आणि मी खाली मान घालून त्या पाण्याकडे बघत होते. मान वर केली असती तर तो दिसला असता.

श्रद्धांजलीच्या वेळी माइक माझ्या हातात आला. नेहमीचंच, बाईंचा आवाज मोठा. कॉलेजचे प्राचार्य बोलले, दादा दोन वाक्यं बोलून रडला. खरंच रडला, हेही तुला सांगायला हवं, तो तुझ्या पाळण्यालाच झोका देत मोठा झालेला. मग कोणीतरी कानाशी आलं, त्या गजाननभाऊंनाही बोलू द्या. मी माइक तोंडाशी धरला. एक श्वास घेतला. त्या श्वासात सगळं आलं होतं बघ ओठापर्यंत. आणि बाहेर पडलं, "आता मिलिंदचे रूम पार्टनर गजाननभाऊ दोन शब्द बोलतील."

तो चपलांपासून पुढे आला. माइक हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाला, "मी मिलिंद सरचा रूम पार्टनर. सगळ्यायनं जेवून जाजा." माइक परत दिला आणि वाढायला गेला.

माझा मान राखला त्याने, माझाच शब्द उचलून. मिलिंद, मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तरी मी पुढचं नाव पुकारलं.

काल रविवार होता. गेलो आम्ही, दादा आणि मी, दादाच्या पिशवीत कुलूप. गजानन ओट्यापाशी चहा ठेवत होता. दादाने वाईट शब्द वापरला नाही, उलट समजावूनच सांगितलं. कायद्यानं वारस आम्ही दोघं, तुम्ही भले माणूस, महिनाभर काय, दोन महिने घ्या. गजानन "हाव दादा" म्हणाला. एवढंच. कपात चहा गाळत राहिला. पेरूच्या झाडाकडे एकदा पाहिलं फक्त.

"तो कुठंच जाणार नाई," मी म्हटलं.

दादाने मान वळवली. "काय?"

"वारस मी बी आहो. माह्या सहीशिवाय तुले या घराचं काई करता येत नाई. मी सही देत नाई. माहा हिस्सा मी त्याच्या नावानं करून देतो. तुले कोर्टात जाचं असन तर जाजो, तिथं बी मी उभी राहीन."

"पण काऊन? कोण लागते तो तुहा?"

बघ, आपल्या भाषेत काय कमी नाती आहेत! साडू, विहीण, मेव्हण्याचा चुलत सासरा, सगळ्यांना नाव आहे. दादा वाट बघत होता, गजाननही हातातली गाळणी तशीच धरून वाट बघत होता. मी म्हटलं, "घरचा माणूस आहे तो."

दादा उठला. चहा न घेता गेला, कुलूप ओट्यावरच विसरला. मला वाटलं, आता गजानन रडेल, निदान काही तरी बोलेल. त्याने गॅस बंद केला.

"बाई, राग नोका मानू," तो म्हणाला. "घरचा माणूस तर शेतावरचा गडी बी असते. मिलिंद मले काय म्हणे, ठाऊक आहे ना तुम्हाले?"

ठाऊक होतं. कित्येकदा कानांनी ऐकलं होतं, आतल्या खोलीतून, हसण्याच्या आवाजात.

"एकदा तुमच्या तोंडून ऐकाचं होतं त्याले. मले नाई तितकं. त्याले."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "गजाननभाऊ, चहात साखर कमी टाकजा."

तू असतास तर ओट्यावर थाप मारून ओरडला असतास, बाईनं निकाल राखून ठेवला!

आज सकाळी गजाननने ते कुलूप फाटकाला लावलं. दोन किल्ल्या स्वतःकडे ठेवून एक माझ्याकडे पोचवली, चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसती किल्ली. ती समोर ठेवून बसले आहे. कोर्टाचा निकाल कधीतरी बदलेल, मिलिंद. मला पक्कं वाटतं. अशी वाक्यं टिकत नाहीत, विहिरीवरचं नाही टिकलं. तेव्हा मी टीव्हीपुढे बसून टाळ्या वाजवीन आणि पोरांना धडा शिकवीन, अमुक खटला, तमुक कलम. पण तू मागितलेला निकाल दिल्लीचा नव्हता. तो माझ्या एकटीच्या हातात होता, त्याला संसद लागत नव्हती, समिती लागत नव्हती. नुसतं तोंड उघडायचं होतं, आणि तू ऐकू शकत होतास तोवर मी उघडलं नाही. याची लाज मी घेऊन जाईन, ती कोणी फेटाळू शकत नाही.

माइकवर मला जमलं नाही. स्वयंपाकघरात, एकट्या त्याच्यासमोरही जमलं नाही. म्हणून हे छापायला देते आहे, माझ्या नावाने. दादा वाचेल, शेजारच्या काकू वाचतील, माझ्या शाळेतल्या बायका वाचतील. काकू, ते प्रमोशन नव्हतं. आणि बायांनो, त्या साड्या गजानननं निवडल्या. गजानन माझ्या भावाचा नवरा.